काळी सैनिक माशी आणि पशुखाद्यातलं नवं प्रथिन: शेतकरी गट आणि गुंतवणूकदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओल्या कचऱ्यावर काळ्या सैनिक माशीच्या अळ्या वाढवायच्या आणि त्या कोंबड्या-मासळीच्या खाद्यात वापरायच्या, या कामात उतरू पाहणाऱ्या शेतकरी गटांसाठी, उत्पादक कंपन्यांसाठी आणि त्यांना पैसा पुरवणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. माणसाच्या खाण्याचा विषय इथे घेतलेला नाही.

ही माशी कोणती? घरमाशीसारखी त्रास देते का?

शास्त्रीय नाव हर्मेशिया इल्युसेन्स. काळी, लांबट, गांधीलमाशीसारखी दिसते, पण तिला नांगी नसते आणि ती चावतही नाही. प्रौढ माशीला जगायला पाणी पुरतं, ती अन्न शोधत फिरत नाही. त्यामुळे ताटावर किंवा घाणीवर आलटून पालटून बसण्याची घरमाशीची सवय तिला नाही. ती पिकावरही येत नाही. आयुष्य जेमतेम एक-दोन आठवड्यांचं असतं, आणि त्यात जोडी जमवणं आणि अंडी घालणं एवढंच तिचं काम.

अंड्यातून ३-४ दिवसांत अळी निघते. उबदार हवेत ती दोन-अडीच आठवडे खाते, मग काळसर होऊन कोरड्या जागेकडे सरकते, कोषात जाते आणि पुढच्या दोन आठवड्यांत माशी होऊन बाहेर पडते. अंड्यापासून अंड्यापर्यंतचा फेरा साधारण ४०-४५ दिवसांचा.

सोयापेंड सहज मिळत असताना या अळ्या कशाला?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, आणि तोच बहुतेक प्रकल्प अहवालांतून गायब असतो. हिशोब किलोमागे न करता प्रथिनामागे करा. समजा, ४५ टक्के प्रथिनाची सोयापेंड ४० रुपये किलो आहे. म्हणजे एक किलो प्रथिन सुमारे ८९ रुपयांना पडलं. वाळलेली अळी ४० टक्के प्रथिनाची आणि १०० रुपये किलो असेल, तर तेच प्रथिन २५० रुपयांना पडतं. आपल्या बाजारातले दर घालून हे गणित पुन्हा करा. सोयापेंडीशी किमतीत टक्कर देता येत नाही, हे बहुतेक ठिकाणी दिसेल.

मग जागा कुठे आहे? एक, मासळीच्या भुकटीच्या जागी. समुद्रातल्या छोट्या मासळीवरचा ताण आणि भुकटीचे चढे भाव, दोन्ही कारणांनी कोळंबी आणि मत्स्यखाद्यवाले पर्याय शोधत असतात. दोन, ताजी अळी गावरान कोंबडीला थेट देण्यात, कारण तिथे वाळवण्याचा खर्चच नाही. तीन, ओल्या कचऱ्याच्या विल्हेवाटीबद्दल कुणी पैसे देत असेल तिथे. या तिन्हींपैकी एकही तुमच्याकडे नसेल तर हा व्यवसाय करू नका.

शेतकऱ्याने काय करायचं आणि केंद्राने काय?

माशांचं प्रजनन आणि अळीचे पहिले पाच दिवस केंद्राकडे, म्हणजे गटाच्या किंवा कंपनीच्या मध्यवर्ती प्रजनन-प्रक्रिया केंद्राकडे. त्यानंतरचे १२ दिवस शेतकऱ्याकडे. वाळवणं, तेल काढणं आणि विक्री पुन्हा केंद्राकडे. अशी विभागणी आम्ही आग्रहाने सुचवतो, कारण सगळ्यात नाजूक भाग प्रजननाचा आहे आणि तो बिघडला की सगळं थांबतं. प्रत्येक शेतकऱ्याच्या दारात माशांचा पिंजरा बसवून देणाऱ्या योजना कागदावर देखण्या दिसतात, पण पहिल्याच पावसाळ्यात अर्धे पिंजरे रिकामे होतात.

एक क्रेट कसा भरायचा?

६० बाय ४० सेंटिमीटरचा, साधारण १७ सेंटिमीटर उंचीचा प्लास्टिकचा क्रेट घ्या. तळाला आणि बाजूला भोकं नकोत. एका क्रेटला पाच दिवसांच्या १०,००० अळ्या आणि एकूण १५ किलो ओला कचरा. तो एकदम टाकायचा नाही: पहिल्या दिवशी ५ किलो, पाचव्या दिवशी ५, आठव्या दिवशी ५. बाराव्या दिवशी चाळायचं.

कचरा आधी बारीक करा, तुकडा १-२ सेंटिमीटरपेक्षा मोठा नको. ओलावा ७० ते ७५ टक्के हवा. मापायला यंत्र लागत नाही. मूठभर कचरा घट्ट पिळा. बोटांच्या फटीतून चार-सहा थेंब आले तर बरोबर. धार लागली तर गव्हाचा कोंडा किंवा लाकडाचा भुस्सा मिसळा, थेंबच आला नाही तर पाणी शिंपडा. थराची जाडी ७-८ सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका, खाली हवा पोचत नाही आणि कुजका वास सुटतो.

दहा हजार अळ्या मोजायच्या कशा? केंद्राकडून आलेल्या मिश्रणातून २-२ ग्रॅमचे तीन नमुने घ्या, पांढऱ्या ताटलीत पाण्यात पसरून मोजा, सरासरी काढा आणि त्यावरून वजन ठरवा. हे काम केंद्राने शेतकऱ्यासमोर करावं. पुढे उत्पन्न कमी आलं की पहिला वाद संख्येवरच होतो.

एका क्रेटमधून किती माल निघतो?

भाजी-फळांच्या मिश्र कचऱ्यावर दीड ते दोन किलो ताज्या अळ्या. दहा हजारांपैकी काही मरतात आणि उरलेल्यांचं वजन प्रत्येकी ०.१५ ते ०.२ ग्रॅम भरतं, म्हणून यापेक्षा फार वर आकडा जाऊ शकत नाही. बिअर कारखान्याचा चोथा किंवा धान्याचा कोंडा यांसारखं पौष्टिक खाद्य दिलं तर वजन वाढतं. नुसत्या कोबीच्या पानांवर किंवा कलिंगडाच्या सालीवर ते बरंच घटतं, कारण त्यात पाणीच जास्त. पत्रकात १ टन कचऱ्यातून २०० किलो अळ्या लिहिल्या असतील, तर त्या कोणत्या कचऱ्यावर निघाल्या ते विचारा.

माझ्याकडे २०० गावरान कोंबड्या आहेत. मला परवडेल का?

कोंबडीमागे रोज १५ ग्रॅम ताज्या अळ्या धरल्या तर रोज ३ किलो लागतील. म्हणजे रोज दोन क्रेट काढायचे, दोन भरायचे. फेऱ्यात २४ क्रेट आणि रोज ३० किलो ओला कचरा.

तीन किलो ताज्या अळ्या म्हणजे सुमारे १ किलो कोरडा माल आणि त्यात ४०० ग्रॅम प्रथिन. दोनशे कोंबड्या रोज साधारण २२ किलो खाद्य खातात. त्यात १६ टक्के प्रथिन धरलं तर गरज साडेतीन किलोची. म्हणजे गरजेचा सुमारे नववा हिस्सा अळ्यांतून भागतो. वरच्याच दराने ही सोयापेंडीची बचत रोज ३५-३६ रुपये होते, आणि अळीतल्या चरबीमुळे वाचणारा मका धरला तरी ५०-६० रुपयांच्या पलीकडे जात नाही. रोज तास-दीड तास मेहनतीला हा मोबदला तुटपुंजा आहे. त्यामुळे शेतकऱ्याच्या पदरात अळ्यांसोबत क्रेटमध्ये उरणारं खत पडलं पाहिजे, आणि कचरा उचलण्याबद्दल नगरपालिका किंवा हॉटेल जे पैसे देतं त्यातला वाटाही मिळाला पाहिजे. हा वाटा करारात लिहून घ्या. तो नसेल तर फायदा केंद्राला आणि कष्ट शेतकऱ्याला, असाच प्रकार होतो.

रोज १ टन कचऱ्याच्या केंद्राचं गणित कसं असतं?

रोज ६७ क्रेट भरावे लागतात. १२ दिवसांच्या फेऱ्यात सुमारे ८०० क्रेट. पाच दिवसांच्या ६ लाख ७० हजार अळ्या रोज लागतात. एक ग्रॅम अंड्यांत ३५ ते ४० हजार अंडी असतात आणि त्यातल्या ७० टक्के पाचव्या दिवसापर्यंत टिकतात असं धरलं तर रोज २४ ते २७ ग्रॅम अंडी हवीत. एका मादीकडून प्रत्यक्षात ३००-३५० अंडी हाती येतात, म्हणून रोज सुमारे ३,००० माद्या, म्हणजे नर धरून ६,००० माश्या बाहेर पडल्या पाहिजेत. कोषातली मर लक्षात घेऊन एकूण अळ्यांपैकी २ टक्के प्रजननासाठी मागे ठेवा. भाव चांगला मिळाला म्हणून हा हिस्सा विकला की दीड महिन्याने केंद्र रिकामं होतं.

हाती येतात १०० ते १३० किलो ताज्या अळ्या. वाळवल्या तर ३५ ते ४० किलो.

कोणता कचरा चालतो?

बाजार समितीतला भाजी-फळांचा कचरा, रसवंतीचा नाही (उसाच्या चोयट्या फार तंतुमय), उपाहारगृहातलं खरकटं, फळप्रक्रियेतली साल-कोय, डाळ मिलची चुणी, पोहे-मुरमुरे कारखान्यातला टाकाऊ माल. खरकट्यात तेल आणि मीठ जास्त असतं. ते भाजी-कचऱ्यात निम्म्यापर्यंतच मिसळा. लिंबूवर्गीय साली एकट्या देऊ नका.

कीटकनाशक हा मोठा धोका आहे. अळी हीसुद्धा कीटकच. ताजी फवारणी झालेला पाला आला तर एका रात्रीत सगळे क्रेट मरतात. नवा पुरवठादार आला की २ किलो कचऱ्यात ५०० अळ्या सोडून ४८ तास पाहा, मगच गाडी उतरवा. कोंबडीची विष्ठाही टाळा. रोगजंतूंचा प्रश्न आहेच, शिवाय माश्या होऊ नयेत म्हणून काही पोल्ट्रीत खाद्यातून सायरोमाझिन हे माशीच्या अळ्या मारणारं औषध देतात. ते विष्ठेत उतरतं आणि या अळ्यांनाही मारतं.

जुना, बुरशी आलेला मका चालतो का, असं बरेच जण विचारतात. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष या अळीच्या शरीरात साठत नाही, असं अभ्यासांत दिसलं आहे. कॅडमियमसारखे जड धातू मात्र साठतात. म्हणून औद्योगिक गाळ किंवा सांडपाण्यावरचा पाला कधीही नको.

अळ्या क्रेटबाहेर पळतात. काय चुकतं?

बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं. कचरा फार ओला: अळी ओल्या भिंतीवर सहज चढते, कोरड्या भिंतीवर नाही, म्हणून कडा रोज कोरड्या फडक्याने पुसा. उष्णता: हजारो अळ्या एकत्र खाताना स्वतःच उष्णता निर्माण करतात आणि क्रेटच्या मधलं तापमान खोलीपेक्षा १० अंशांनीही जास्त असू शकतं, ४५ च्या वर गेलं की त्या जीव वाचवायला निघतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये क्रेट एकमेकांवर खेटून रचणं म्हणजे मर ओढवून घेणं. मध्ये हाताची वीत घालता येईल एवढी मोकळी जागा ठेवा. तिसरं, खाद्य संपलेलं.

मुंग्या अंडी पळवतात, पाली माश्या खातात, उंदीर अळ्या. रॅकचे पाय तेल-पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि जाळी बारीक लावा. पहिले दोन दिवस क्रेट उघडा राहिला तर घरमाशी त्यात अंडी घालते. मग शेजारी तक्रार करतात आणि बदनाम होते ती ही माशी.

पावसाळ्यात अंडी का बंद होतात?

माशांची जोडी जमायला थेट, प्रखर ऊन लागतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये सलग आठ-दहा दिवस ढग असतात आणि तेवढेच दिवस अंड्यांचं ताट कोरडं राहतं. साध्या ट्यूबलाइटने काम होत नाही. निळ्या-पांढऱ्या छटेचे, जास्त प्रखर एलईडी पिंजऱ्याजवळ लावावे लागतात, आणि वीज गेली तर पर्यायी सोय लागते. थंडीत वेगळी अडचण: रात्रीचं तापमान १०-१२ अंशांवर उतरलं की वाढ मंदावते आणि कोष फुटायला उशीर होतो. खोली २७ ते ३० अंशांवर ठेवा. उन्हाळ्यात कोरड्या हवेने अंडी सुकतात. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास राहील असं पाहा.

अंडी घ्यायला लाकडाच्या पातळ पट्ट्या मधे दोन-तीन मिलिमीटर फट ठेवून बांधतात आणि खाली वास येणारा आंबवलेला कचरा ठेवतात. मादी कोरड्या फटीत अंडी घालते, कचऱ्यात नाही.

वाळवताना माल काळा का पडतो, खवट का होतो?

चाळलेल्या अळ्या स्वच्छ पाण्यात धुऊन उकळत्या पाण्यात सुमारे एक मिनिट बुडवा. त्याने त्या लगेच मरतात, जंतू घटतात आणि काळपटपणा थांबतो. मग गरम हवेच्या ड्रायरमध्ये किंवा सोलर ड्रायरमध्ये ओलावा १० टक्क्यांच्या खाली येईपर्यंत वाळवा. ८ टक्के उत्तम. चरबी जास्त असल्याने अर्धवट वाळलेला माल पंधरवड्यात खवट होतो. नुसत्या उन्हावर पावसाळ्यात विसंबू नका. १ किलो माल मिळवायला सुमारे २ किलो पाणी उडवावं लागतं, आणि खर्चात लाकूड-वीज सगळ्यात मोठी बाब होते ती इथेच.

वाळलेल्या अळ्यांची भुकटी उडते तिथे मास्क सक्तीचा करा. कोळंबीची किंवा धुळीतल्या कीटकांची ॲलर्जी असलेल्या कामगाराला हा विभाग देऊ नका.

प्रयोगशाळेचा अहवाल गुंतवणूकदाराने कसा वाचावा?

प्रथिन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणतात. अळीच्या कातडीतल्या कायटिन या कडक पदार्थातही नायट्रोजन असतो, त्यामुळे आकडा फुगतो. कीटकांसाठी ४.७६ हा गुणक सुचवला गेला आहे. म्हणजे अहवालातले ४२ टक्के प्रत्यक्षात ३२ च्या जवळ असू शकतात. कोणता गुणक वापरला ते विचारा आणि भाव त्यावर ठरवा. सोबत ओलावा, चरबी, राख, साल्मोनेला, अफ्लाटॉक्सिन, शिसं आणि कॅडमियम या चाचण्या प्रत्येक नव्या कचरा-स्रोतामागे करून घ्या. तेल न काढलेल्या मालात चरबी ३० टक्क्यांच्या आसपास असते; तेल काढलं की प्रथिन ५५ ते ६० टक्क्यांवर जातं.

खाद्यात किती टाकायचं, कुणाला द्यायचं नाही?

अंड्यावरच्या कोंबडीला कोरड्या खाद्यात १० ते १५ टक्के, ब्रॉयलरच्या पिल्लांना ५ टक्क्यांपासून सुरुवात. मत्स्यखाद्यात मासळीच्या भुकटीपैकी पाव ते निम्मा हिस्सा बदलता येतो. त्यापुढे जाताना चाचणी घ्या. अळीत कॅल्शियम भरपूर असतं, म्हणून खाद्यातली चुनखडी कमी करायला विसरू नका. गाई-म्हशी-शेळ्यांना अजिबात देऊ नका. खाद्याच्या चाचणीसाठी नागपूरचं पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, तुमच्या जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र, गोव्यात जुने गोवे इथली भारतीय कृषी संशोधन परिषदेची (आयसीएआर) किनारी कृषी संशोधन संस्था यांच्याशी बोला.

निर्यातीचं मनात असेल तर कचरा आधी बघा. युरोपियन युनियनने अशा कीटक-प्रथिनाला २०१७ मध्ये मत्स्यखाद्यात आणि २०२१ मध्ये कोंबडी-डुकरांच्या खाद्यात परवानगी दिली, पण उपाहारगृहातल्या खरकट्यावर वाढलेली अळी तिथे चालत नाही.

गुंतवणूकदाराला शेतकरी उत्पादक कंपनीत शेअर घेता येतो का?

नाही, तो स्वतः उत्पादक असल्याशिवाय. कंपनी कायदा २०१३ च्या २०२० मध्ये जोडलेल्या प्रकरण २१-अ नुसार सभासद उत्पादकच असावा लागतो आणि वैयक्तिक सभासदांच्या कंपनीत शेअर कितीही असले तरी मत एकच. बाहेरचा पैसा तीन वाटांनी येऊ शकतो: अनुदान, कर्ज, किंवा उत्पादक कंपनीने विशेष ठराव करून काढलेल्या उपकंपनीत भागभांडवल. तिसऱ्या वाटेत प्रजनन केंद्र आणि ड्रायर उपकंपनीकडे जातात. तिथे शेतकऱ्यांच्या कंपनीचा हिस्सा पुढच्या गुंतवणूक फेरीत किती पातळ होऊ शकतो, त्याची खालची मर्यादा पहिल्याच करारात लिहा. नंतर लिहून मिळत नाही.

पैसा कोणत्या टप्प्यावर कुणी घालावा?

पहिलं वर्ष अनुदानाचं किंवा जोखीम भांडवलाचं. शेतकऱ्याचं कर्ज त्यात नको. रोज ५० किलो कचऱ्यावर एक पूर्ण पावसाळा आणि एक हिवाळा अंड्यांचं उत्पादन टिकलं पाहिजे, तरच दुसरा हप्ता. हप्ते तारखेवर न बांधता ऋतूवर बांधा. मार्चमध्ये झकास चाललेलं केंद्र ऑगस्टमध्ये काय करतं, हेच पाहायचं असतं. दुसरा हप्ता पाव टनाचा आणि पहिल्या २०-२५ शेतकऱ्यांचा. बँकेचं कर्ज त्यानंतर, तेही खरेदीदाराचा लेखी करार हातात असल्यावर. बाजाराआधी कारखाना उभारण्याची घाई महागात पडते: पिवळ्या अळीच्या प्रथिनासाठी प्रचंड भांडवल उभारलेली फ्रान्सची इन्सेक्ट ही कंपनी २०२४ मध्ये न्यायालयाच्या संरक्षणाखाली गेली.

कोणत्या सरकारी योजना उपयोगी पडतात?

केंद्र सरकारच्या बायोई-३ या जैवतंत्रज्ञान धोरणात (ऑगस्ट २०२४) नव्या प्रथिनांचा विषय स्वतंत्रपणे घेतला आहे. तंत्र सिद्ध करायला बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं 'बिग' अनुदान ५० लाखांपर्यंत मिळतं; पुण्याचं व्हेंचर सेंटर त्याच्या भागीदार संस्थांपैकी आहे. स्टार्टअप इंडिया सीड फंडातून २० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं. यंत्रसामग्रीसाठी पशुसंवर्धन पायाभूत सुविधा विकास निधीतून पशुखाद्य प्रकल्पाच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत असते. १० हजार उत्पादक संस्थांच्या योजनेत नोंदलेल्या कंपनीला सभासदामागे २,००० रुपये, कमाल १५ लाखांपर्यंत समभाग अनुदान मिळतं. अर्जाआधी योजना चालू आहे का ते पाहा, आणि अळीचा प्रकल्प 'पशुखाद्य' या व्याख्येत बसतो का ते बँकेकडून लेखी घ्या.

शेतकऱ्याच्या करारात कोणती कलमं हवीतच?

अळ्यांची मोजणी कुणासमोर आणि कशी. चाळून, पाणी निथळून घेतलेल्या ताज्या अळीचा किमान भाव. पाच दिवसांच्या अळ्या पोचल्यावर ४८ तासांत मेल्या तर केंद्राने फुकट बदलून द्यायच्या. विषारी कचरा केंद्राने पुरवला असेल तर मजुरीची भरपाई. पैसे सात दिवसांत. क्रेटची मालकी कुणाची, तेही लिहा. काम थांबलं की भांडण क्रेटवरूनच होतं.

उरलेलं खत लगेच शेतात घालावं का?

नको. ताज्या खतात अमोनिया असतो, रोपांची मुळं जळतात. तीन-चार आठवडे सावलीत मुरू द्या. स्वतःच्या शेतात वापरायला अडचण नाही. पोत्यात भरून विकायचं असेल तर खत नियंत्रण आदेश १९८५ खाली परवाना आणि प्रमाणं पाहावी लागतात.

गटातल्या काही माळकरी घरांना अळ्या मारणं पटत नाही.

त्यांना आग्रह करू नका आणि ते मागास आहेत असंही कुणी समजू नये. गट बनवतानाच, पैसे भरून घेण्याआधी, अळ्या उकळत्या पाण्यात घालतात हे स्पष्ट सांगा. कचरा वेगळा करणं, तो बारीक करणं, खत मुरवणं ही कामं ज्यांना पटतात त्यांनी ती घ्यावीत. हे नंतर कळलं तर गट फुटतो.

सुरुवात कोणत्या महिन्यात करावी?

फेब्रुवारीत. हवा उबदार होत असते, ऊन भरपूर असतं, आणि जूनपर्यंत माशांच्या दोन-तीन पिढ्या होऊन कामगारांचा हात बसलेला असतो. पावसाळ्याच्या तोंडावर अंडी विकत आणून केंद्र सुरू करू नका.